बोटाला कोमट

— नको, बादलीचं झाकण काढू नकोस, आयलिव. बस. तुझी यीस्टची बरणी इकडे दे, खिडकीत नको, ओनुन अंगणातून येतो, त्याला दिसेल. बरं, आता बघतोयसच तर बघ. यीस्ट वाळवायच्या फडक्याला चिकटलेलं चिमूटभर सुकं नखानं खरवडून काढलं, वाटीभर माल्टच्या पाण्यात टाकलं. फेसाळलं. मग पातेल्यात, आता या बादलीत. पण बादलीनं काय होतंय? पुढच्या शनिवारी आमच्या लेकीचं, सुन्निवाचं लग्न, अख्खं खोरं येणार, पिंपभर बियर हवी. होतं नव्हतं ते सगळं यीस्ट पहिल्या पिंपात मेलं ना.

जुनं झालं होतं? हो, तेच सांगितलं मी सगळ्यांना. ओनुनलासुद्धा, माझ्याच नवऱ्याला. सासूबाईंपासून चालत आलेलं, दर नाताळला पिंप फसफसवणारं, ते असं एकाएकी म्हातारं होतं होय? पण त्यानं लगेच मान डोलावली, आणि तिथंच मी चरकले. एरवी त्याच्या यीस्टला कुणी नावं ठेवली तर आठवडाभर बोलत नाही हा माणूस.

थर्मामीटर? आहे की, लेकीनं दिलेला, खोक्यात पडलाय. हा बोट बुडवतो. दुधासारखं कोमट लागलं की यीस्ट टाकायचं आणि ते जागं व्हावं म्हणून पिंपात तोंड घालून आरोळी ठोकायची, तुमच्याकडे ठोकता तशीच. त्या दिवशीही बुडवलं, म्हणाला, झालं. ठोकली आरोळी. वाफ दिसत होती, पण मी म्हटलं, हवा गार आहे म्हणून असेल. मग जेवताना बघते तर बोटावर हा एवढा फोड! आणि त्याच बोटांनी कढत बटाटा सोलतोय — हूं नाही की चूं नाही. म्हणजे गेल्या वर्षीच्या त्या लकव्यानं नुसतं तोंडच वाकडं केलं नव्हतं तर बोटांची जाणही... यीस्ट पोळून मेलं रे.

हे तुला सांगायचं नव्हतं मला. विसर तू.

त्यालाही कळलंय रे. दुसऱ्या दिवसापासून घरातसुद्धा हातमोजा घालतो, म्हणतो, थंडी वाजते. तुझ्या वडिलांनी आमच्याकडूनच यीस्ट नेलं होतं, म्हणून तुझ्याकडे मागितलं, परक्याचं नको होतं मला. हे ओतलं की पुरेल. त्याला सांगेन, फडक्यावरचंच वाढवलं. आणि उद्या थर्मामीटर लावून माल्टचं पाणी आधीच निववून ठेवीन, त्याला कळू न देता. मग तो बोट बुडवेल, माझ्याकडे बघेल — तेव्हा मी कुठं बघू? सांग ना. भीती वाटते मला. लग्नाची नाही, त्या एका क्षणाची.

थांब. पावलं वाजतायत. टोपी घे, मागच्या दारानं जा. बरणी राहू दे, मी लपवते. जा म्हणते ना.

— कोणी नाही, ओनुन, मीच बडबडत होते यीस्टशी. ये, बस. बघू तुझा हात — नाही, काही नाही. आज गारठाच आहे. हातमोजा असू दे.