आतल्या कड्या

नाही हो मिस्त्री, बदलायच्या नाहीत — काढायच्या. नुसत्या काढून टाकायच्या, आतल्या बाजूच्या सगळ्या. हो, बाथरूमचीसुद्धा, संडासाचीसुद्धा. मुख्य दाराचं कुलूप तेवढं राहू द्या. फोनवर मी म्हटलं होतं दारं अडकतात — ते आपलं असंच म्हटलं होतं, दारं चांगली आहेत. आता फोनवर परक्या माणसाला काय सांगणार, की — जाऊ दे. बेडरूमपासून घ्या. दुपारपर्यंत व्हायला हवं, माझे दीर ह्यांना घेऊन येताहेत. आमचे हे. महिनाभर दवाखान्यात होते. काय झालं म्हणजे — कंबर. कमरेचं दुखणं.

बघा, तुम्हीही मान हलवलीत! कंबर म्हटलं की सगळ्यांना पटतं. प्रत्येकाच्या घरात एक तरी कंबर असतेच. ही कंबर मीच शोधून काढली, दोन वर्षांपूर्वी. ह्यांनी कामावर जायचं बंद केलं, नुसते पडून राहायला लागले भिंतीकडे तोंड करून, आणि त्यांच्या साहेबांचा फोन आला — माझ्या तोंडून गेलं, कंबर धरलीय. झालं! मग तेच सासूबाईंना, तेच शेजारी, तेच माझ्या दुकानात — चष्म्याच्या दुकानात असते मी, गिऱ्हाइकांच्या नाकावर चष्मे बसवायचे दिवसभर. सगळ्यांनी तेलं दिली, पट्टे दिले. नणंदेनं तर कमाल केली, गादीखाली घालायला ही एवढी जाड फळी पाठवली, पाठ सरळ राहते म्हणे. आणि पाठवून गप्प बसेल तर ती नणंद कसली — दर रविवारी येऊन गादी दाबून बघायची, फळी आहे ना जागेवर. मग काढणार कशी? दोन वर्षं आम्ही दोघं त्या फळीवर झोपतोय. ह्यांना काही झालं नाही, माझी कंबर गेली. हसा, हसा. दुखणं ह्यांच्या नावावर आणि तेल चोळते मी.

कंबर नाहीय मिस्त्री. मनाचं आहे. तुम्हाला सांगायला काय जातंय, तुम्ही आज याल, काम कराल, जाल. आणि एवढ्या कड्या काढायला लावल्यावर तुम्ही न ओळखायला काय कुक्कुलं बाळ आहात?

हे लिफ्ट दुरुस्त करायचे. कुणी लिफ्टमध्ये अडकलं की ह्यांना बोलावणं. दार उघडायला काय, किल्ली लागते नि हात लागतो, पण हे म्हणायचे खरं काम त्याच्या आधीचं — बाहेर उभं राहून आतल्या माणसाशी बोलत राहायचं. घाबरू नका, हवा येतेय, मी इथंच आहे, जेवलात का, काय होतं आज जेवायला. एक म्हातारी बाई बाहेर आली ती ह्यांच्या गळ्यात पडून रडली होती. असा माणूस! आणि आता मी बाथरूमच्या दारापाशी उभी राहून ह्यांचीच वाक्यं ह्यांना ऐकवायची — मी इथंच आहे, घाबरू नका. आतून उत्तर काय? नळ. दवाखान्यात नेलं त्या दिवशी तोही बंद झाला. मग दिरांना बोलावलं, त्यांनी खांदा मारून दार पाडलं, तर हे फरशीवर बसलेले, अंगावरच्या कपड्यांनिशी भिजून. काही केलं नव्हतं. करायचं होतं का — ते मी नाही विचारलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मला बाहेर बसवून. हो म्हणाले असणार. नाहीतर लगेच मला आत बोलावून घरातल्या कड्या काढा म्हणून कशाला सांगितलं असतं?

आणि दीर काय म्हणाले माहितेय? 'वहिनी, तुमच्या लक्षात कसं आलं नाही?' स्वतः दहा मिनिटांवर राहतात, दोन वर्षांत दोनदा आले. मी म्हटलं, खरंय भाऊजी, मी आंधळी. नणंद म्हणते, 'दादाला तू आहेस म्हणून बरं.' म्हणजे काय, कळलं ना? म्हणजे तूच कर. आता रविवारी येईल आणि विचारेल, कमरेच्या दुखण्याला कड्या कशाला काढल्या? तोल जातो म्हणून — पडले तर बाहेरून दार उघडता यायला हवं! बघा, सुचलं की नाही लगेच? एवढी हुशारी शाळेत दाखवली असती तर चष्मे बसवत बसले नसते.

काय? हो — बाथरूमची नवीन आहे. दार नवीन केलं ना मोडल्यावर, त्या सुतारानंच बसवली, मला न विचारता. नाही — विचारलं हो त्यानं. ताई, कडी लावू का? मी म्हटलं लावा, चांगली दणकट लावा. हे दवाखान्यात, डॉक्टरीणबाईंचं बोलणं आदल्याच दिवशी झालेलं, आणि मी दणकट लावा म्हणतेय. घरात मी एकटी. कुणासाठी लावायची कडी? तरी लावायची. दुकानातून आले की आत जायचं, कडी सरकवायची आणि बादली पालथी घालून बसायचं. रडायला नाही — रडते मी कुठंही, भाजी चिरता चिरता रडते. नुसतं बसायचं. दाराबाहेर कुणी नाही, आणि मी कुणाच्या दाराबाहेर नाही. अठरा वर्षांच्या संसारात सुखाचा महिना कुठला विचाराल तर हा. ऐकलंत? ऐकलंत ते ऐकलंत, आता बाहेर बोलू नका. जीव आहे हो माझा त्यांच्यावर. त्याचाच तर राग येतो, नसता तर कधीच चालायला लागले असते. सकाळपासून घर झाडतेय, त्यांचा शर्ट इस्त्री करून ठेवलाय, आणि मनात काय, तर गाडी बंद पडू दे वाटेत. आणखी एक दिवस. एकच.

निघाली? बघू. चांगली जड आहे हो. ठेवा तिकडे, नाही, मला नको हातात. थांबा, दार बघून घेऊ. मी आत जाते, तुम्ही बाहेरून ढकला, नुसत्या बोटानं उघडायला हवं. हं — लावलं. नका ढकलू अजून. जरा थांबा — ढकलताय होय? उघडणार नाही, मी पाठ लावलीय दाराला. तुमच्या कामात खोट नाही. — नाही, काही होत नाहीय मला. तुम्ही संडासाची घ्या तोवर काढायला. — अहो, दार नका वाजवू. वाजवू नका म्हणते ना!

बेल वाजली का? आलेच वाटतं. तुम्ही उघडा. बसवा त्यांना, पाणी द्या. मी कुठाय विचारलं तर सांगा — काही सांगू नका. आणि तुम्ही जा, मिस्त्री. राहिलेलं मी बघते. जा म्हटलं ना.