इस्त्री तापत नाही म्हणून

हॅलो?

हां, तू होय… नाही नाही, बोल की. नणंदेचा फोन घ्यायला वेळ नाही असं म्हणायची माझी छाती आहे का?… फक्त तुझ्या पांढऱ्या कोटाचं तेवढं विचारू नकोस.

त्यासाठीच केलास ना? वाटलंच मला.

झालाय गं कोट. इस्त्री झालीय… जरा जास्तच झालीय.

जळला असं नाही. कॉलरच्या खाली एक तपकिरी… आता कसं सांगू, इस्त्रीचं पाऊल उमटलंय. अगदी टोकासकट.

मी कशाला? मी घड्या घालते, बटणं लावते. इस्त्रीला हात लावू देतो का तुझा दादा मला? त्यानंच जाळलाय.

हो, दादानं. तुझ्या दादानं… अगं, मलाही खरं वाटेना. इतकी वर्षं हे दुकान चालवतायत, एकदा कुणाच्या रुमालाला डाग नाही. आणि आज सकाळपासून दोन सदरे, एक उशीचा अभ्रा आणि तुझा कोट. आता तू त्या कॉलेजात मुलांना शरीररचना शिकवायला काय घालून जाणार, देव जाणे.

नको, बाजारातून नको आणूस, मी रफू करते… बरं बाई, नाही करत.

इस्त्री बिघडलीय, दुसरं काय. तापतच नाही म्हणतात हे. मिस्त्रीला बोलावलंय, तो आलाय, समोर बसलाय, सगळी खोलून, पुन्हा जोडून… काय हो मिस्त्री? काय म्हणता?

तो म्हणतो इस्त्री ठणठणीत आहे.

तेच तर कळत नाही ना. मिस्त्री म्हणतो तापतेय, हे म्हणतात तापत नाही. मिस्त्रीनं ओलं बोट लावलं तर चर्र झालं. यांनी हात नेला तर म्हणे गार.

अगं, नेहमीसारखाच नेला. त्यांचं माहीत नाही का तुला? इस्त्रीवरच्या काट्यावर यांचा काडीचा विश्वास नाही. उजव्या हाताची पाठ इस्त्रीच्या तळाजवळ नेतात आणि सांगतात, रेशमाला चालेल, सुतीला अजून थांब. तोच यांचा काटा. आज हात नेला, गार लागली, काटा वर. पुन्हा नेला, गार. पुन्हा वर. आणि मग तुझा कोट.

हाताला? हो, फोड आलाय ना. मोठा आलाय. मी मलम लावायला गेले तर म्हणतात, कुठे फोड?

नाही म्हणतात. दुखत नाही म्हणतात.

आता यात गप्प होण्यासारखं काय आहे?… हॅलो? आहेस ना?

बरं, विचार.

उभे कुठले. मागच्या खाटेवर आडवे केलेत. चक्कर आलीय त्यांना… मी सांगणारच होते गं, पण तू कोटाचं काढलंस. सकाळी दुकान उघडलं तेव्हा छान होते. गात होते की. देवाचं नाव घेतल्याशिवाय पहिला कपडा मांडत नाहीत, तुला ठाऊक आहे. ते झालं, आणि मग एकदम म्हणाले, भिंती फिरतायत. फडताळाला धरलं म्हणून बरं. उलटी झाली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं, ते म्हणाले कानाचं आहे. कानात पाणी असतं म्हणे, ते हललं की चक्कर. गोळ्या दिल्यात. तरी परत येऊन हट्टानं फडताळाला टेकून इस्त्री धरलीच, शेवटी मीच आडवं केलं. आता त्यातलीच एक द्यायला उठले होते, तर तुझा फो—

का नको? डॉक्टरांनीच…

पाण्याबरोबरच देणार ना, कोरडी कशी… बरं, बरं. ओरडू नकोस. ठेवला पेला. हा बघ खाली ठेवला.

चहा दिला होता. हो, ठसका लागला. सारखा लागतोय. एका बाजूनं नाकातही आला. मी म्हटलं, सावकाश प्या, कुणी पळवत नाहीये.

उचकी? तुला कसं कळलं? मिस्त्रीनं सांगितलं का?… तेही खरं, तो कसा सांगेल. आहे ना उचकी, जाता जात नाही. साखर झाली, श्वास धरून झाला. मी म्हटलं, बहीण आठवण काढत असेल.

आवाज बसलाय. घोगरा झालाय. मला वाटलं गारठ्यानं. आता मला काय ठाऊक? चक्कर कानाची, उचकी पित्ताची, आवाज गारठ्याचा आणि डाग इस्त्रीचा. एका माणसाकडे एका दिवशी चार पाहुणे आले, असं धरून चालले होते मी.

एकच पाहुणा? म्हणजे?

अहो, उठू नका. बहिणीचाच फोन आहे. कोटाबद्दल… नाही, रागावली नाही… तुला नाही गं, यांना सांगतेय.

बरं, बघते. डोळे… उजवा ठीक आहे. डावी पापणी जरा खाली आहे. झोप नीट नसेल झाली.

आता हात? वर केले. दोन्ही केले. माझी बोटं दाबली, केवढ्यानं दाबली. मिस्त्री, बघितलंत ना? अगं, ताकद आहे दोन्ही हातांत. पाय हलतायत. तोंड वाकडं नाही. तू ज्याला घाबरतेयस ते नाहीच मुळी. झटका आला असता तर एक बाजू गेली असती, एवढं मलाही कळतं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचं मी बघितलंय.

…

या झटक्यात ताकद जात नाही? मग जातं काय?

थांब, एकेक सांग. गार पेला… आहे, हाच पाण्याचा. डाव्या हाताला लावू? लावला. अहो, गार लागतं का?… लागतं म्हणतात. आता उजव्या… अहो, नीट सांगा… नुसतंच लागतं म्हणतात. पेला लागतो, गार नाही लागत.

गालाला? कुठल्या? माझ्या डाव्या की त्यांच्या डाव्या? मी समोर आहे ना… त्यांच्या डाव्या. बरं… नाही लागत. उजव्या गालाला लागतं, चांगलं दचकले.

हे काय गौडबंगाल आहे गं? हात उजवा आणि गाल डावा? एकाच माणसाचा? मी चुकले असेन. पुन्हा लावते.

नाही चुकले. तेच म्हणतात.

हं… हं… हो… अगं, ऐक ना, ऐक, हे सगळं निरूपण मला कळणार नाही. मला आधी एवढंच सांग, हे… हे मोठं आहे का?

…

बरं.

बरं. मी बसलेय. नाही, रडत नाहीये. सांग. पण सोपं सांग, मी तुझ्या वर्गात नाही.

मानेतून रक्ताच्या दोन नळ्या वर जातात. मणक्यांच्या भोकांतून. कशा, कमरेच्या नेफ्यातून नाडी ओवतात तशा?… तशा. बरं. डोक्यात शिरल्यावर दोघी एक होतात. आणि एक व्हायच्या जरा आधी एक फांदी फुटते, ती वळसे घेत मागे जाते. लहान मेंदूच्या खालच्या अंगाला. तो तोल सांभाळतो… ती फांदी तुंबली, म्हणून भिंती फिरल्या.

नाव काय म्हणालीस?… एवढ्याशा नळीला एवढं लांबलचक नाव? मागची, खालची, लहान मेंदूची… असू दे, पत्ताच आहे तो, नाव कुठलं.

आणि तीच नळी जाता जाता वाटेतल्या मेंदूच्या देठालाही पाजते. त्या देठात गिळण्याची जागा, आवाजाची जागा, गरम-गाराची जागा. सगळे एकाच दाटीत. म्हणजे नळाचं पाणी तुटलं की सगळ्या बिऱ्हाडांचं तुटतं, तसं?… आणि हाताची तार तिथे यायच्या आधीच बाजू बदलून आलेली असते, गालाची अजून बदललेली नसते. म्हणून गाल डावा, हात उजवा.

नाही कळलं. अर्धं कळलं. राहू दे, तू म्हणतेस ना, मग तसंच.

मान? हो, दुखत होती. डाव्या बाजूनं, मागे. परवापासून. परवा यांनी दुकानाचं छत रंगवलं ना. दिवसभर मान वर करून. मी म्हटलं होतं माणूस बोलवा. तर म्हणे, छताला काय, दोन हात मारले की झालं… त्यानं नळी आतून सोलवटते? मान वर धरून?

सांगता येत नाही, पण असू शकतं. बरं.

मग आता मी काय करू? गोळी नाही, पाणी नाही. तोंडात काहीच नाही. रक्त पातळ करायची घरातली गोळीसुद्धा नाही. बरं. मोठ्या इस्पितळात. कोपऱ्यावरच्या नाही. डोक्याचा फोटो निघतो तिथे. आता. आत्ता.

अहो… ऐकताय का? आपल्याला मोठ्या इस्पितळात जायचंय.

नाही म्हणतात.

काय म्हणणार? संध्याकाळी लोक कपडे न्यायला येणार. आधी इस्त्री दुरुस्त होऊ दे म्हणतात. कानाच्या चकरेला कुणी इस्पितळात जातं का म्हणतात. हे बघ, मिस्त्रीलाच दटावतायत. नीट बघ रे, आत तार सैल असेल.

तू बोल, मी फोन त्यांच्या कानाला लावते… अहो, घ्या, बहीण आहे…

हं, मी आहे. ऐकत नाहीत. हसले वर. म्हणाले, हिला मेलेल्या माणसांची सवय, जिवंत माणूस बघितला की घाबरते. जळला मेला विनोद.

अगं, तू रडू नकोस. तू रडलीस तर मी कुणाकडे बघू? थांब. थांब जरा, मला एक करू दे… नाही, फोन नाही ठेवत. मिस्त्री, ती इस्त्री इकडे द्या. हो, तापलेलीच. तुमच्याच हातात धरा, घट्ट.

अहो, या इस्त्रीजवळ हात न्या. लावायचा नाही, नुसता न्यायचा, रोजच्यासारखा. उजवा… काय म्हणता? गार. बरं. आता डावा न्या. न्या तर खरा. रेशमाला चालेल की सुतीला, एवढंच सांगा मला…

…

ऐकलंस? हात झटकून मागे घेतला.



नुसते बघतायत. एकदा इस्त्रीकडे, एकदा हाताकडे. तो फोड आत्ता दिसला त्यांना, असं वाटतंय.

काय हो? काय म्हणालात?… म्हणतात, मिस्त्रीला जाऊ दे, इस्त्री चांगली आहे.

हो. येतो म्हणतात.

मिस्त्रीची गाडी दारातच उभी आहे, सामानाची, मागे गादी टाकतो म्हणतोय. इस्पितळाच्या गाडीला गल्ली सापडेपर्यंत आम्ही पोचू. बरं का मिस्त्री, इस्त्रीसाठी आलात आणि इस्त्रीवालाच न्यायची वेळ आली… नाही, चालत नेत नाही, उचलूनच नेतो. डावीकडे कलतायत सारखे. एका कुशीवर निजवू? म्हणजे उलटी झाली तर घशात जाणार नाही. बरं.

सांग काय काय सांगायचं तिथे. सकाळी दुकान उघडताना चांगले होते. हे आधी सांगायचं. मग गाल डावा, हात उजवा. उचकी, आवाज, ठसका. पहिल्या फोटोत काही दिसलं नाही म्हणाले तरी घरी यायचं नाही. कवटीच्या तळाशी हाडं दाट असतात, त्यात लपतं. दुसरा मोठा फोटो मागायचा, एमआरआय. नाही म्हणाले तर तुला फोन लावून द्यायचा… देईन. तुझ्या तोंडाला लागण्यापेक्षा फोटो काढलेला परवडेल त्यांना.

आणि बरं वाटलं तरीही राहायचं? का?… कवटीतली मागची खोली लहान, लहान मेंदू सुजला तर सरकायला जागा नाही. मग माणूस गुंगतो. पेंगले, डोकं फार दुखलं, की लगेच ओरडून नर्सला सांगायचं. ओरडेन. ते मला जमतं, तुझा दादा साक्षीला आहे.

थांब, इस्त्रीचं बटण बंद केलं. दार ओढलं. कुलूप… राहू दे कुलूप. जळके कपडे कोण नेतंय.

हां, बसलो. मी मागेच आहे, यांचं डोकं मांडीवर. निघाली गाडी. तूही निघ. हो, कोटाशिवाय ये. कोट घालून आलीस तर तिथलेच समजून कामाला लावतील.

एक विचारू? खरं सांग. गातील ना हे परत?

…

बऱ्याच जणांचा येतो आवाज. हळूहळू. वेळेत गेलो तर जास्त. बरं. बऱ्याच जणांत एक हे असू देत. देवाला रोज सकाळी तो आवाज ऐकायची सवय आहे, त्यालाही चुकल्यासारखं होईल. तो बघेल… हो, तो बघेल आणि मी एमआरआय मागेन. दोन्ही करते, वन्सं.

काय हो? काय हवंय? पाणी नाही मिळणार, तुमच्या बहिणीचा हुकूम आहे… मग काय?

…

काही नाही गं. माझा हात धरलाय. मगाशी उजव्यानं धरला होता, तेव्हा काही बोलले नाहीत. आता कूस वळली, तर डाव्यानं धरलाय.

म्हणतात, तुझा हात केवढा गार पडलाय.

हो… बरोबर सांगतायत. अगदी बरोबर. आहेच गार.

फोन ठेवते आता. एका हातानं जमत नाहीये, आणि हा हात मला सोडवायचा नाही.