माशांची काळजी घ्या

दोन वर्षं गावातल्या टाक्यांमध्ये डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडूनही हिवताप हटत नव्हता. दमलेल्या संशोधक बाई दवाखान्याच्या बाकावर टेकल्या होत्या. शेजारी दोन बायका बोलत होत्या.

“सुनेला पुन्हा हिवताप?”

“तिसऱ्यांदा. कंबरडं मोडलं बघा पोरीचं.”

“टाकीत मासे नाहीत?”

“आहेत की! चांगले गुबगुबीत झालेत.”

“आणि अळ्या?”

“त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत मेले.”

“आमचेही तसेच. मी तर दोन वेळा पीठ टाकते त्यांना.”

“मी तीन वेळा. आपल्या दारातला जीव, उपाशी कसा ठेवायचा?”

“आणि माशांसोबत मिळालेल्या कागदावर लिहिलंयच ना, ‘माशांची काळजी घ्या’?”

बाईंनी मांडीवरचा त्याच कागदांचा नवा गठ्ठा हळूच उलटा केला.