डावा खांदा

— नाही नाही, फोटोखाली कवटीचं चित्र टाकलं म्हणजे अपशकुन नव्हे, एवढं आता कळतं मला. हसून हसून मेलो, असं म्हणायचं असतं त्यांना. बसा ना ताई, बाहीच आखूड करायचीय, दहा मिनिटांत होईल. हां, तर शब्द. ही मापांची वही, आणि हे माझ्या मुलीचं पान. वर छाती-कंबर-उंची, खाली शब्द. एकेक गिऱ्हाईक येतं तुमच्या वयाचं, त्याला विचारतो आणि लिहून ठेवतो. ‘स्ले’ — म्हणजे झकास दिसतेयस. ‘नो कॅप’ — म्हणजे खोटं नाही, शपथेवर. ‘घोस्ट करणं’ — हा कुणी सांगायची वेळच आली नाही. भांडण नाही, शिवी नाही, नुसतं उत्तर द्यायचं बंद. पोरीनं मला केलंय, चौदा महिने झाले. आईशी बोलते दर रविवारी, मी इथे टीप मारत बसतो.

का म्हणजे? — काही नाही हो, धंद्याची खोड. तिनं नव्या ड्रेसमधला फोटो टाकला होता, नोकरीच्या गावाहून. मी खाली लिहिलं, डावा खांदा अर्धा इंच पडलाय, तुझा लहानपणापासूनच उतरता आहे, ड्रेस पाठवून दे, पॅड घालून देतो. प्रेमानंच लिहिलं की! गिऱ्हाइकाला सांगतो तसंच. मग खाली कवट्याच कवट्या. मला वाटलं, लोक पोरीच्या जिवावर उठलेत. भाच्याला फोन लावला, तो म्हणाला, मामा, आधी पुसा ते. पुसलं. पण तोवर कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट काढला होता. ऑफिसात तिला ‘अर्धा इंच’ म्हणायला लागले. हिनं सांगितलं मला, भाजी निवडता निवडता. मी ‘बरं’ म्हटलं आणि दुकानात आलो. वाईट वाटलं का विचाराल तर... माहीत नाही. सुई बोटात गेली तरी हल्ली उशिरा कळतं मला.

बरं, हा शब्द सांगा. काल टाकलाय तिनं फोटो, मैत्रिणीनं खाली लिहिलंय — ‘सॉफ्ट लाँच’. म्हणजे? — अस्सं. आयुष्यात कुणी माणूस आहे एवढं कळू द्यायचं, त्याचं तोंड दाखवायचं नाही. म्हणजे हा हात त्याचा. मी आपला कालपासून कफच बघतोय. काज हातानं केलेलं आहे, चांगल्या कारागिराचं. माझं नाही.

धरा जरा फोन, मोठं करा. पाठमोरी आहे, खांद्यावर नुसत्या बारीक पट्ट्या असलेला ड्रेस, पॅड घालायला जागाच नाही. खांदा दिसतोय ना? उतरता? नववं वर्ष लागल्यापासून मी तिला एकही कपडा पॅडशिवाय घालू दिला नाही. शाळेचा गणवेशसुद्धा. कुणाला पत्ता लागला नव्हता, इतकं साफ काम. तिनं मागितलं होतं का? — नाही. तिनं कधीच नाही मागितलं. उकडतं म्हणायची, टोचतं म्हणायची. मीच घालायचो. मलाच... जाऊ दे.

आणि त्याचा हात नेमका त्याच खांद्यावर आहे बघा.

लिहू म्हणता? काय लिहू? सगळे शब्द आहेत की वहीत, दोन पानं भरलीत. सकाळपासून तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. बापानं ‘स्ले’ म्हणायचं का? आणि पुन्हा कवट्या आल्या म्हणजे? नको. बघितलंय, तेवढं पुरे. काही वाटत नाहीये मला, खरंच, नो कॅप.

झालं तुमचं. घाला. हात खाली सोडा... वळा जरा. तुमची उजवी बाजू किंचित —

नाही. काही नाही. छान बसलंय. या तुम्ही.