रिकामं आलेलं भांडं

क्लॅरेन्स : रिकामं! मर्ल, नुसतं रिकामं नव्हे. घासूनपुसून, कोरडं करून, आपल्या पायरीवर उपडं ठेवलेलं. 'घाईत राहून गेलं' असं म्हणायलासुद्धा तिनं जागा ठेवली नाही.

मर्ल : आधी गॅस बारीक कर. शोयूचा तो सोया-रस आटून करपला तर कोंबडीच्या तंगड्या कडू होतील, आणि त्याचा दोषही तू लिटावरच घालशील.

क्लॅरेन्स : विषय बदलू नकोस. तीस वर्षं ही बाई कुंपणापलीकडे राहते. हवाईतल्या या अख्ख्या वायपाहू गावात शेंबडं पोरही जाणतं, की शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. मी गेल्या आठवड्यात बीफ स्ट्यू पाठवला. अर्धा दिवस मंद आचेवर ठेवलेला. मांस सुटावं, पण बटाटा फुटू नये, असा. त्यावर मला काय मिळालं? माझंच भांडं!

मर्ल : काही मिळावं म्हणून पाठवला होतास का?

क्लॅरेन्स : मुळीच नाही, आणि नेमका हाच माझा मुद्दा आहे. काय येतं याला महत्त्व नाही. काहीतरी येतं याला आहे. प्रूडेन गेला तो आठवडा आठव. नवरा गेलेला, घरात माणसांची रीघ, स्वतः ती धड उभी राहू शकत नव्हती. तरी आपलं भांडं परत आलं तेव्हा त्यात तीन लिंबं होती. तीन! त्या दुःखात जिला तीन सुचली, तिला आज एक सुचू नये? झाड तर फळांनी वाकलंय.

मर्ल : वाकलंय खरं. दरवर्षी एव्हाना उतरवून गल्लीभर वाटते. यंदा का नाही वाटली, हे विचारलंस का स्वतःला?

क्लॅरेन्स : विचारलं. उत्तरही सापडलं. मटार!

मर्ल : काय?

क्लॅरेन्स : चर्चच्या जेवणाला मी तिच्या मॅकरोनी सॅलडविषयी जे बोललो, त्याचा हा सूड आहे.

मर्ल : 'हे सॅलड नव्हे, हा अपघात आहे.' माणसांनी भरलेल्या मांडवात. तुझी बायको म्हणून मला तर तोंड कुठं लपवू असं झालं होतं.

क्लॅरेन्स : मांडव भरला म्हणून सत्य बदलत नाही. मॅकरोनी इतकी मऊ शिजवावी की दातांना तिची चाहूल लागू नये. गरम असतानाच तिच्यावर व्हिनेगर शिंपडावं. मग किसलेलं गाजर, कांदा, आणि मेयोनीज हात न आखडता. संपलं! यात मटारांना आमंत्रण कोणी दिलं?

मर्ल : तिच्या आईनं दिलं असेल. आणि त्या दिवशी सगळ्यांत आधी तिचंच पातेलं संपलं.

क्लॅरेन्स : लोक भुकेले होते.

मर्ल : तुझ्या पातेल्याशीही तेच भुकेले लोक होते.

क्लॅरेन्स : या आठवड्यात तिच्याकडून एकच उपकार झाला. तो कोंबडा पहाटे बोंबलत नाही.

मर्ल : कोंबडाच नाहीये तिथं. पिंजरा उघडा पडलाय.

क्लॅरेन्स : पळाला असेल. मालकिणीपेक्षा त्याला अक्कल जास्त.

मर्ल : क्लॅरेन्स, शाळेत जन्मभर पोरांना शिकवलंस, की आधी नीट बघा, मग निष्कर्ष काढा. तूच एकदा बघशील का?

क्लॅरेन्स : बघायचं काय त्यात? जातो आणि तोंडावर विचारतो.

मर्ल : जा. हातातला डाव तेवढा ठेवून जा, नाहीतर गल्लीला वाटेल मारायलाच निघालास.

(जाळीचं दार वाजतं. शेजारची लिटा आग्बायानी पायरीवर चपला काढून आत येते. हातात काचेचं झाकण.)

लिटा : येऊ नकोस, मीच आले. ओरडणं पार पलीकडे ऐकू येतंय. हे तुमचं झाकण माझ्याकडे राहिलं होतं.

क्लॅरेन्स : तेही रिकामंच!

लिटा : झाकणात काय घालतात रे बाबा?

क्लॅरेन्स : लिटा, मी सरळ विचारतो. मटारांचा राग तू माझ्या भांड्यावर काढलास का?

लिटा : कसले मटार? अगं बाई, ते! ते माझ्या रॉडेलला फोनवर सांगितलं. पोरगा तिकडे वेगासला पोट धरून हसला, मी इकडे.

क्लॅरेन्स : मग भांडं रिकामं का?

लिटा : माझी भांडीकुंडी खोक्यांत भरून बोटीवर चढली. रांधणार कशात? गुरुवारी मी जातेय. रॉडेलकडे.

क्लॅरेन्स : परत कधी येणार?

मर्ल : क्लॅरेन्स, ती राहायला जातेय.

क्लॅरेन्स : तुला ठाऊक होतं?

मर्ल : हिनं शपथ घातली होती. तरी तासभर तुला पिंजरा दाखवतेय.

क्लॅरेन्स : आणि मला सांगावंसं वाटलं नाही!

लिटा : तू वाद घातला असतास. तुझ्याशी वादात मी आजवर एकदाही जिंकले नाही. म्हटलं, हा एक तरी घालूच नये.

क्लॅरेन्स : घातलाच असता! तिथं वाळवंट आहे. समुद्र नाही, लिंबू लावशील तर...

लिटा : बघ, सुरू झाला.

क्लॅरेन्स : बरं. भांडी बोटीवर गेली. लिंबं तर झाडावर होती ना?

लिटा : तोडली होती तीन. भांड्यात ठेवलीही. मग पुन्हा काढून घेतली.

क्लॅरेन्स : काढून घेतलीस?

लिटा : भरलेलं दिलं असतं, तर तू पुन्हा काहीतरी रांधून पाठवलं असतंस. तुझं भांडं माझ्या दारात येणार आणि दाराला कुलूप. ते भरून कोण परत देणार? म्हटलं, इथंच फिटू दे.

क्लॅरेन्स : फिटू दे? हे असं फिटतं? मर्ल, भात झाला?

मर्ल : केव्हाच.

क्लॅरेन्स : ते भांडं इकडे दे. भात एका बाजूला दाब. या तंगड्या दुसऱ्या बाजूला. रस वरून मी घालतो, तू सांडशील. झाकण. हं. लिटा, हे आज खा. आणि भांडं बरोबर ने. विमानात मांडीवर घेऊन बस. खोक्यात टाकलंस तर फुटेल.

लिटा : वेगासला? अरे, मग परत कसं द्यायचं?

क्लॅरेन्स : ते तुझं तू बघ. रीत तुला ठाऊक आहे.

मर्ल : क्लॅरेन्स, मोठं भांडं आपल्याकडे हे एकच आहे.

क्लॅरेन्स : म्हणूनच.

लिटा : सॅलड भरून आणीन. सांगून ठेवते, मटार घालून.

क्लॅरेन्स : घाल.