पंचावन्न टक्के

मरोळला टूडी इकोच्या खोलीबाहेर मी नंबराची वाट बघत होते. शेजारी एक काका हातात रिपोर्ट घेऊन पडेल चेहऱ्याने बसले होते. काकू डॉक्टरांशी बोलून बाहेर आल्या, तसे काका म्हणाले,

“कमल, हृदय पंचावन्न टक्केच चालतंय. गावी निलेशला फोन करून सांगितलंसुद्धा मी, यंदा शिमग्यात पालखीला माझ्या जागी दुसरा खांदा बघ.”

“अहो, डॉक्टरांना विचारायच्या आधी गावाला कळवलंत?”

“पंचेचाळीस टक्के बंद पडलंय, आणखी काय विचारायचं?”

“काही बंद पडलेलं नाही. हृदय एका ठोक्याला कधीच पूर्ण रिकामं होत नाही. भरलेल्यातलं निम्म्याहून थोडं जास्त रक्त बाहेर ढकलतं, बाकीचं आतच राहतं. धडधाकट माणसाचंही तसंच. पंचावन्न म्हणजे नॉर्मल.”

“मग शंभर कोणाला मिळतात?”

“कोणालाच नाही! ती काय दहावी आहे? मिनिटाला पाच लिटर रक्त फिरवतंय तुमचं हृदय.”

“पाच लिटर? आपल्या नळाला तरी येतं का गं तेवढं?”

“आणि पालखीचंही विचारलं मी. नाचवा म्हणाले, फक्त दमलात की लगेच खांदा बदला.”

“तू विचारलंस? तूच तर ‘नका जाऊ’ म्हणत होतीस.”

“सगळा शिमगा तुमचं हे तोंड बघत बसण्यापेक्षा तुम्ही नाचलेले बरे.”

काकांनी लगेच फोन लावला.

“निलेश, माझी जागा कोणाला दिलीस? धोंडूला? त्याला सांग, मागे सर. मी येतोय.”