एक पेला घाण पाणी

…नाही, पण मी म्हणतो, आख्ख्या जळगाव जिल्ह्यात माणसाला एक पेला घाण पाणी मिळू नये? हसू नका! एरवी न मागता मिळतं हो! मला मुद्दाम हवं होतं, तर…

तुम्हाला सांगतो, गेल्या वर्षी आमच्या डोंगरभटक्या मंडळाला मीच म्हणालो होतो, "प्या बिनधास्त, झऱ्याचं पाणी आहे!" परतीच्या बसमधून आठ जण सतरा वेळा उतरले. त्यात एक आमची मयुरी! सख्खी बायको! म्हणून या खेपेला फिल्टर मागवला, बाटल्यांचं ओझंही वाहायला नको. पिशवीत पाणी भरायचं, तिच्या तोंडाला गाळणीची नळी बसवायची, पिशवी पिळायची, की शुद्ध धार! तर आमचा प्रेमराज, मेडिकलवाला, भर बैठकीत नाकातून म्हणतो, "हितूभाऊ, आधी तुम्ही पिऊन दाखवा. तीन दिवस तुमचं पोट बघू. नाहीतर पुढारीपण सोडा." आणि टाळी कुणी वाजवली? मयुरीनं!

घरी करून बघावं, तर ती म्हणते, "नळाचं पाणी गाळून काय सिद्ध होणार?" बरोबर होतं, म्हणून तर जास्त राग आला. गेलो तिच्या काकांच्या, जीवराम आबांच्या केळीच्या मळ्यात. हौदावर हिरवंगार शेवाळ, त्यात बेडूक… सोनं हो, सोनं! पिशवी बुडवणार, तोच आबांनी मोटार चालू केली. "थांबा जावईबापू, ताजं येतंय!" अहो आबा, ताजं नको! ऐकतात कुठे? शेवाळ वाहून गेलं, बेडूकही गेला. मला फक्त एक पेला घाण पाणी हवं होतं!

मग काय, सकाळची गाडी धरून चाळीसगाव, तिथून रिक्षा, पुढे डोंगरापर्यंत तंगडतोड. सापडला एकदाचा डोह! म्हशी बसलेल्या. वही काढली, लिहिलं, 'रंग चहाचा, वास म्हशीचा.' पिशवी भरली, नळी तोंडाला लावणार, इतक्यात मागून आवाज, "ओ भाऊ! गाव मरी गयं का? म्हशीसनं पानी पी राह्यनात ते!"

झुंबरबाई. डोक्यावर हंडा, साठीच्या पुढची. माझी पिशवी घेतली आणि दिली ओतून! दंडाला धरून घरी नेलं, ओट्यावर बसवलं, पुढे तांब्या. म्हटलं चला, हेच गाळू. पाठ फिरवून गुपचूप पिशवीत ओततोय, तर…

"मन्हा घरनं पानी गाळीसन पेतस?"

आणि तोंड असं उतरलं हो तिचं… पाहुण्यानं तांब्याला नाही म्हणायचं नसतं, हे काय मला माहीत नाही? लाज वाटली, खरंच लाज वाटली. तांब्या उचलला, गटागटा प्यायलो, वर दुसरा मागितला. ती खुलली. मग मी सहज विचारलं, "अक्का, पाणी कुठलं?"

"त्याच डोहनं! काठे झिरा खंदेल शे." म्हणजे काठावर खड्डा खणून झिरपलेलं, पण पाणी त्याच म्हशींच्या डोहाचं!

तीन दिवस! पोटात जरा गुरगुरलं की मी घड्याळाकडे बघतोय आणि मयुरी माझ्याकडे. कसलं काय, पोट ठणठणीत! पण यात फिल्टरचं काय? तो कोरडाच! एक पेला, फक्त एक पेला घाण पाणी… तेही मिळालं ते तांब्यातून!

बैठकीत खरं सांगून टाकलं. म्हटलं, गेलं आपलं पुढारीपण. मग प्रेमराज हळूच म्हणतो, "हितूभाऊ… ती बाई जेवणाचं बघेल का?"

अकरा हात वर! त्यात मयुरीचे दोन! झुंबरबाईच्या मुलाचा नंबर निघताना घेतला होता, त्याला फोन लावला, तर मागून तीच ओरडते, "बठ्ठासले लई या! वांगा तेवढा तुमी आना!" सगळ्यांना घेऊन या म्हणे, वांगी तेवढी आमची!

म्हणजे बघा, रविवारी दहा जण हात हलवत पुढे, आणि पुढारी मागे, पाठीवर पाच किलो भरताची वांगी घेऊन… ओझं नको म्हणून तर फिल्टर घेतला होता हो!